मनहरभाईंचा नेहमीचा दिवस

"माझ्याइतका साधा माणूस अख्ख्या राजकोटात मिळायचा नाही," मनहरभाईंनी छाती फुगवून सांगितलं.

त्यांच्या मुलीला, बिजलला, मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश हवा होता. पदवी वाणिज्याची, म्हणून विद्यापीठाने जादा अट घातली होती: घरातल्या एका माणसाचा एक नेहमीचा दिवस टिपायचा आणि मुलाखतीत त्यावर बोलायचं. वडिलांनी हे काम असं अंगावर घेतलं, जणू या वयात त्यांनाच बघायला पाहुणे येणार होते.

सकाळीच ते लग्नातला सफारी चढवून आपल्या भांड्यांच्या दुकानात बसले. रोजचे गाठिया समोर आले तर हात जोडून म्हणाले, "आज फक्त मूग."

"पप्पा, रोज खाता तेच खा ना."

"रोजचं तुला माहीत आहे. ते प्रोफेसरांना कशाला दाखवायचं?"

खरा घोळ दुपारी झाला. एक ते चार राजकोट झोपतं. त्या वेळी बाजारातलं कुत्रंसुद्धा शटरच्या सावलीत आडवं असतं. पण 'वडील घोरतात' अशी नोंद विद्यापीठात जाईल या धास्तीने मनहरभाईंनी दुकान उघडंच ठेवलं.

थोड्याच वेळात समोरचे कापडवाले वजुभाई लेंग्याची नाडी सावरत आले. चेहरा पडलेला.

"मनुभाई, कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग दिवाळं निघालं? सांगा, मी काय परका आहे?"

"अहो, माझी मुलगी मला बघतेय."

वजुभाईंनी वही घेऊन बसलेल्या बिजलकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलंय का, बेटा?"

झालं. झोपमोड झालेला बाजार दुकानात लोटला. कुणी लिंबूपाणी पाजलं, कुणी तळपाय चोळले. गोंडलहून मेव्हणे आले ते रिक्षातून उतरतानाच रडत. मनहरभाई जितकं "मी ठणठणीत आहे" म्हणत, तितकी मंडळी एकमेकांकडे पाहून माना हलवत.

संध्याकाळी बिजलने वही मिटली. "वाट लावलीत, पप्पा. यात नेहमीचं काय आहे? उद्या पुन्हा करायचं. आणि दुपारी झोपायचं."

"तू म्हणशील तसा घोरतो," ते खाली मान घालून म्हणाले.

पहाटे ते झोपेतच गेले. शेजारी पुन्हा जमले. वजुभाईंनी या वेळी काही विचारलं नाही.

मुलाखतीला तिने तेच टिपण नेलं. विभागप्रमुख मीनळबेन चाळून म्हणाल्या, "हा नेहमीचा दिवस नाही. अटीत बसत नाही. दुसरा का नाही घेतलात?"

"दुसरा मिळाला नाही. वडील गेले."

बाईंनी टिपण पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे, यावरच बोला. तुमच्या उत्तरावर ठरवू. हा माणूस दिवसभर असा का वागला?"

कुणी पाहतंय हे कळलं की माणूस बदलतो. पुस्तकातलं हे उत्तर बिजलने पाठ केलं होतं. ते ओठाशी आलं आणि तिथेच अडलं.

"मला प्रवेश मिळावा म्हणून," ती म्हणाली. "आणि मी दिवसभर त्यांच्यावर चिडत होते. मला पप्पा फार आवडायचे, बेन. आमच्या घरात असं कुणी बोलून दाखवत नाही. माझ्या टिपणातही ते लिहायचं राहून गेलंय."