मासवडीवर ठरलेलं लग्न

"मासवडी सोडून काहीबी खा," जुन्नरच्या बदरुद्दीन हकिमांनी राजुरीच्या सावळेरामचं पोट दाबून बघत सांगितलं, आणि त्या घटकेपासून त्याला मासवडीशिवाय दुसरं काही सुचेना. तोवर त्याला तीळ-लसणाचं सारण भरलेल्या त्या बेसनाच्या वडीचं काडीचं वेड नव्हतं. पण जिभेची जातच असली. नको म्हटलं की तिला तेच हवं. आता भजनाला बसलं तरी त्याला भाजलेल्या तिळाचा वास यायचा.

"अवं, शेजारी धुनं धुत्यात. तीळ आलं कुठनं?" त्याची बायको गोजरबाई करवादायची.

"लसूणबी हाय त्यात," सावळेराम डोळे मिटून म्हणायचा.

हे घरात होतं तोवर एक वेळ ठीक. पण त्यांच्या लेकीला, इंद्रायणीला, निमगाव सावाच्या लंकाबाईच्या मुलाचं, कुंडलिकाचं, स्थळ सांगून आलं. मुलगी बघायला आलेला हा गडी चहा पिऊन उठेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. असला मुखदुर्बळ जावई गोजरबाईला नको होता. तिनं नवऱ्याला नकार कळवायला पिटाळलं आणि वेशीपर्यंत बजावत गेली, "तिथं घास तोंडात घालू नगा. पोरीच्या आईबापानं पोराकडं अन्न खाल्लं म्हंजी सोयरीक पटली. निस्तं पाणी पिऊन माघारी या."

सावळेराम संध्याकाळी परतला तो मिशा पुसत.

"न्हाई म्हून सांगितलं ना?"

"सांगणारच व्हतो. तेवढ्यात लंकाबाईनं ताट पुढं केलं."

"ताटात काय व्हतं?" असं विचारून गोजरबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अवं, पोरीचं लगीन एका मासवडीवर ठरवून आलात?"

"एका न्हाई," सावळेराम प्रामाणिकपणे म्हणाला. "अन् रस्साबी दोनदा मागितला."

गोजरबाईला रडू यायचं तेवढं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पदर खोचून सोयरीक मोडायला स्वतः निमगावला गेली. दुपारी आली ती थेट ओट्यावर बसली.

"मोडली?" सावळेरामनं भीतभीत विचारलं.

"मोडायलाच गेले व्हते. मला बघून लंकाबाई गांगरली, अन् कालवणात मीठच घालायचं इसरली. पोरगं जेवाय बसलं. समदं चाटूनपुसून खाल्लं, आपलं ताट आपण धुतलं, अन् शेतावर गेलं. हूं न्हाई का चूं न्हाई! मला काय पटंना. म्या भाकरीचा तुकडा बुडवून बघितला. खरंच मीठ नव्हतं."

"म्हंजी तूबी खाल्लंस?"

"चाखलं. पर लंकाबाईनं लगेच आळीत साखर वाटली. म्याबी अडवलं न्हाई. असा माणूस बघायचा लई वर्सं राहिला व्हता माझा. तुमास्नी मीठ कमी पडलं तर गाव गोळा करता!"

दाराशी इंद्रायणी उभी होती.

"आता मला कुनी इचारनार हाय का?"

दोघं चपापली. लेकीला विचारायचं राहूनच गेलं होतं. सावळेरामचा आवाज खाली आला. "तुला न्हाई ना आवडला त्यो?"

"आवडला की. पैल्याच दिशी," इंद्रायणी वैतागून म्हणाली. "तवापास्नं सांगाय बघत्ये. पर ह्या घरात खायाच्या बोलन्यातनं दुसऱ्या बोलन्याला जागा व्हती का?"