अकरा कामांचा निपटारा

एका बुधवारी सकाळी हेडक्लार्कांनी सदऱ्याचं बटण लावायचं ठरवलं, आणि इथूनच सगळं बिनसलं. (निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी इमारतीत सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत. खरं नाव फक्त टपालपेटीवर उरलं होतं.)

बटणासाठी दोरा हवा. दोऱ्यासाठी कपाट उघडलं, तर दार करकरलं. दाराला तेल घालावं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले, तिथे तेलाच्या बाटलीमागे टॉर्च सापडला. टॉर्चमध्ये सेल नव्हते. सेल रेडिओत होते, आणि रेडिओ माळ्यावर. साडेअकराच्या सुमाराला ते नुसत्या बनियनवर स्टुलावर उभे होते, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तेलाची बाटली, आणि आपण इथे कशाला चढलो याचा शांतपणे विचार करत होते. दूध केव्हाच उतू गेलं होतं. बटण लेंग्याच्या खिशात होतं. सदरा रविवारी मुलीला फ्रीजमध्ये सापडला.

हेडक्लार्क आळशी होते असं कोणी म्हणू नये. ते रोज सात-आठ कामांना हात घालत. फक्त एक ना धड, भाराभर चिंध्या! गॅलरीचा कठडा निम्मा हिरवा, निम्मा गंजका. स्वयंपाकघरातला नळ गळका. भिंतीवरच्या फळीला एकच खिळा, त्यामुळे तिच्यावरची पुस्तकं घसरून एका कोपऱ्यात गर्दी करून बसलेली. बायको होती तोवर आतल्या खोलीतून एक आवाज यायचा, "आधी हातातलं संपवा!" तो आवाज बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

दर रविवारी अकरा वाजता मुलगी यायची. ती चाळिशीची होती, दातांची डॉक्टर होती, पण घरात तिला बेबीच म्हणत. आल्याआल्या ती पदर खोचायची आणि वडिलांची अर्धी कामं पुरी करत सुटायची. तोंडाचा पट्टाही चालू असायचा. हेडक्लार्क तिच्या मागेमागे पक्कड घेऊन फिरत. आठवड्यातले हेच दोन तास घरात माणसाचा आवाज असे. बाकी सहा दिवस घर खायला उठायचं.

फ्रीजमधून सदरा काढला त्या रविवारी मात्र बेबी ओरडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मलापण एकच रविवार असतो हो."

हे वाक्य हेडक्लार्कांना लागलं. बोलणी खायची त्यांना सवय होती, पण पोर दमलीय हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी मनाशी पक्कं केलं, या आठवड्यात सगळी कामं तडीस न्यायची. कशी? ऑफिसात कशी व्हायची तशी! छत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एक फाइल कधी तुंबली नव्हती, कारण समोर साहेब बसलेले असत. घरात साहेब नव्हते, हीच काय ती अडचण.

सोमवारी त्यांनी अकरा कामांच्या अकरा फाइली केल्या. टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची ठेवली, ती क्लार्कची. पलीकडे दुसरी, ती साहेबांची. काम झालं की अलीकडे बसून टिपण लिहायचं, मग उठून पलीकडे जायचं, चष्मा नाकावर ओढायचा आणि तपासायचं. एक फाइल मंजूर झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. (साहेब म्हणून ते फार कडक निघाले. इतका खडूस साहेब त्यांना नोकरीतसुद्धा भेटला नव्हता.)

बुधवारी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई त्यांचा शिवायला दिलेला लेंगा घेऊन वर आल्या. दाराशीच त्यांना आतून गर्जना ऐकू आली.

"दोन दिवस झाले! फळीला दुसरा खिळा का नाही? लेखी खुलासा द्या!"

लगेच पडेल आवाजात उत्तर आलं, "साहेब, भिंत कच्ची आहे."

बाईंनी घाबरत बेल दाबली.

"काका, कोणी आलंय का?"

"छे, मी एकटाच आहे."

"मग ओरडत कोण होतं?"

"मी."

"कोणावर?"

"माझ्यावरच. खिळा राहिला ना!"

"अन् ते साहेब?"

"तोही मीच. पण तो आता जेवणाच्या सुट्टीवर गेलाय."

बाईंनी लेंगा त्यांच्या हातात दिला आणि एकेक पायरी जपून उतरत घरी गेल्या.

पण युक्ती लागू पडली! शनिवारी दुपारी अकरावी फाइल मंजूर झाली. कठडा हिरवागार, फळी सरळ, नळ ठणठणीत. हेडक्लार्कांचा आनंद पोटात मावेना. त्यांनी मोबाइल घेतला आणि बेबीला रीतसर अहवाल धाडला : 'विषय : प्रलंबित कामांचा निपटारा. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सर्व अकरा कामे पूर्ण झाली असून आता आपण येऊन करण्यासारखे काहीही शिल्लक नाही. माहितीस्तव सादर.'

दोन मिनिटांत बेबीचा फोन.

"बाबा, कमाल केलीत! मग उद्या मी येत नाही हं. कित्येक वर्षांनी रविवारी झोपते मस्त!"

"हो हो, झोप की," हेडक्लार्क म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी अकरा वाजले. बेल वाजली नाही. घर कसं लखलखीत होतं, आणि त्यात एक म्हातारा बसला होता. पूर्वी निदान नळ तरी टपटपायचा. आता तोही गप्प! हेडक्लार्कांना एकटं वाटलं. याआधीही वाटत असे, पण तेव्हा काहीतरी अर्धवट हाताशी असायचं, त्यात ते विसरायला व्हायचं. आज विसरायला घरात काहीच नव्हतं.

साडेअकराला ते उठून साहेबांच्या खुर्चीत बसले आणि नळाची फाइल पुन्हा उघडली. शेरा मारला : 'काम समाधानकारक नाही. फेरतपासणी व्हावी.' मग अलीकडे येऊन मान डोलावली आणि पाना घेतला. नळ जरासा सैल करायचा, थोडा गळू द्यायचा आणि बेबीला फोन लावायचा, एवढाच बेत. पण क्लार्कनं तो असा काही आवळला होता की हलेचना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा तो हलला, फिरला आणि सगळाच हातात आला.

पाण्याचा फवारा थेट छातीवर बसला. हेडक्लार्क त्याच्यावर तळहात दाबून उभे राहिले. खाली बाईंच्या मशीनवर छतातून पाणी टपकलं, तशा त्या धावत वर आल्या, त्यांनी बाहेरचा कॉक बंद केला, आणि थेट बेबीला फोन लावला : "ताई, लगेच या. वडील तुमचे स्वतःलाच झापतात, स्वतःचीच माफी मागतात, अन् आज नळ उपटून बसलेत."

बेबी अर्ध्या तासात आली. केस विंचरले नव्हते, पायांत दोन वेगळ्या चपला. तिनं वडिलांचं कपाळ चाचपलं, डोळ्यांत बघितलं.

"बाबा, खरं सांगा. काय होतंय?"

"काही नाही गं. नळ मी मुद्दाम काढला."

"मुद्दाम? का?"

हेडक्लार्क ओल्या बनियनकडे बघत राहिले. "तू यावीस म्हणून."

"मग नुसतं 'ये' म्हणायचं ना!"

"कामाशिवाय कसं बोलवायचं? तुला एकच तर रविवार असतो."

बेबी तशीच ओल्या फरशीवर बसली. रडली आणि हसलीही, आधी काय ते तिलाही सांगता आलं नसतं. मग नाक पुसून म्हणाली, "पुढच्या रविवारी येते. पण मी काही करणार नाही, तुम्हीही करायचं नाही. दोन तास समोरासमोर बसायचं, गप्पा मारायच्या. जमेल?"

"जमवतो," हेडक्लार्क म्हणाले. ही जबाबदारी अकरा कामांपेक्षा अवघड होती.

पण त्यांनी पार पाडली! पुढच्या रविवारी बेबी चक्क पंधरा मिनिटं आधी आली, आणि हेडक्लार्क दोन तास जागचे हलले नाहीत. मधे खिडकी आपटली, त्यांनी आपटू दिली. बेबी दवाखान्यातल्या गमती सांगत होती, ते ऐकत होते. ती मधेच त्यांच्याकडे बघून ओठ दाबून हसायची, आणि आपल्यालाही गप्पा मारता येतात या जाणिवेनं ते खुलायचे. आईचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी तिची एक जुनी आठवण सांगायला घेतली. तीही त्यांनी नीट पुरी केली.

एक वाजता ते बेबीला पोचवायला फाटकापर्यंत गेले. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत हात हलवत उभे राहिले. छाती अभिमानानं फुगली होती. आयुष्यात प्रथमच एक काम त्यांनी साहेबांशिवाय तडीस नेलं होतं.

परत येताना शिवणवाल्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काका, लेक आली तेव्हा दाढी करत होतात का?"

"हो. का?"

"डावा गाल तसाच राहिलाय. साबण वाळलाय वर."