आप्पांच्या पिकअपचा पोचा

आमचे शेजारी हणमंत आप्पा आपली जुनी पिकअप कायम भिंतीकडे तोंड करून लावायचे. गल्लीतल्या बाकी सगळ्या गाड्या रस्त्याकडे बघत उभ्या, आणि आप्पांची गाडी मात्र घराच्या भिंतीला नाक लावून, जगाकडे पाठ करून. मी हायस्कुलात मास्तर. गृहपाठ न आणणाऱ्या पोरांना मी पूर्वी असंच उभं करत असे. आता तेही करता येत नाही. त्यामुळे बदली होऊन वडूजला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी मी बायकोला विचारलं, की या गाडीनं काय गुन्हा केला असेल?

रोज सकाळी सहाला आप्पा ती गाडी उलटी बाहेर काढायचे. तिच्या रिव्हर्सच्या हॉर्नवर आमची अख्खी गल्ली उठायची. त्याआधी एक विधी असे. गाडीचं नाक आणि भिंत यांच्यात जेमतेम हातभर फट. त्या फटीत आप्पा आपलं भरभक्कम पोट आवळून कडेकडेनं शिरत. बंपरला डाव्या बाजूला एक पोचा होता, चांगला खोल, वरच्या पत्र्यापर्यंत गेलेला. त्या पोच्यावर ते तळवा ठेवत, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत आणि परत कडेकडेनं बाहेर येत. मला वाटायचं मंत्र असेल. कुणी औंधच्या यमाईला हात जोडतं, कुणी बंपरला. कुणाच्या श्रद्धेला नाव ठेवू नये एवढं मला कळतं.

आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. चोवीस वर्षं डोंगरातल्या रस्त्यांवर लष्कराचे ट्रक चालवले, आणि त्यातून एकच तत्त्वज्ञान घेऊन घरी आले: "गाडीचं तोंड सांभाळा, बाकी अंग आपूआप सांभाळतंय." हे वाक्य ते कुठेही वापरत. गल्लीत भांडण झालं, तरी तोंड सांभाळा. माझी साखर वाढली, तेव्हा भेटायला आले आणि पेढ्यांच्या बॉक्सकडे बघून म्हणाले, "सर, तोंड सांभाळा." हे मात्र अगदी बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

घरात एकटेच. त्यांच्या मंडळी आम्ही यायच्या आधीच वारल्या होत्या. भिंतीवर त्यांचा फोटो होता, कपाळभर कुंकू आणि हसू दाबून धरल्यासारखा चेहरा. आप्पा त्यांच्याबद्दल बोलत नसत, मी कधी विचारलं नाही. आप्पा पिकअपमधून लोकांचं आलं, कांदा, बटाटा बाजाराला पोचवत आणि उरलेला वेळ त्या पोच्याची राखण करत. राखण म्हणजे राखणच. बाजारात कुणी बंपरला टेकून तंबाखू मळायला लागला, की आप्पा खेकसत, "दुसरीकडं बग की रं टेकायला! त्येच्यावर न्हाई!" सगळ्या गाडीवर हमालांनी पाय दिले तरी चालतील, पण त्या वीतभर खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढं जे झालं त्याला मीच कारण आहे. वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून माझा माणसाच्या सुधारण्यावरचा विश्वास पार उडाला आहे. तरी हातातलं लाल पेन सुटत नाही. वाकडं दिसलं की सरळ करावंसं वाटतं. दुकानाच्या पाटीवरची चूक बघूनही माझं डोकं दुखतं. असल्या माणसाच्या शेजारी वाकड्या तोंडाची पिकअप तीन वर्षं उभी होती.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामात कोरेगावच्या बाजारात एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट मागं मागं येत आप्पांच्या गाडीपुढं चार बोटांवर थांबला. मी शेजारी बसलो होतो. काही झालं नाही, पण आप्पा दार उघडं टाकून खाली धावले आणि बंपर चाचपत बसले. डोंगरातल्या दऱ्या बघितलेला माणूस चार बोटांच्या अंतराला एवढा भ्याला, याचं मला नवल वाटलं. घरी येईपर्यंत ते एकच बोलले, "सर, गार्ड बसवाय पायजे."

गार्ड म्हणजे गाडीच्या तोंडापुढं बसवायची ती लोखंडी पाइपांची चौकट. मला वाटलं, एका दिवसाचं काम. आम्ही चार महिने फिरत होतो.

पहिला मिस्त्री म्हणाला, "आप्पा, गार्ड लावायला आता बंदी हाय. पासिंगला गाडी नेली की आधी त्यो काडाय लावत्यात."

"मग नटबोल्टवर बसीव. पासिंगला काडू, परत लावू."

त्यानं नाद सोडला. दुसरा मिस्त्री तयार होता, पण त्यानं बंपरवर बोट ठेवलं. आप्पांनी ते बोट उचलून बाजूला केलं. मिस्त्री म्हणाला, "ह्यो पोचा आधी ठोकून काडावा लागंल. वाकड्या बंपरवर सरळ गार्ड बसत न्हाई."

"मग गार्ड वाकडा कर."

"आवं, वाकडा गार्ड कोण लावतंय?"

"मी लावतोय की."

तिथून आम्ही हाकलले गेलो. मग आप्पांनी स्वतःच माप घ्यायचं ठरवलं. आमच्या नव्या फ्रिजचं खोकं मागून नेलं आणि तीन रविवार त्या पुठ्ठ्याचा गार्ड कापत बसले. पुठ्ठा धरायला अर्थातच मी. भिंत आणि बंपर यांच्या फटीत मी अडकलेला, आणि बाहेरून आप्पांचे हुकूम, फौजी हिंदीत, "थोडा दायें! दायें, सर! तुमचं दायें न्हाई, गाडीचं दायें!" मी एकदा वैतागून विचारलं, "आप्पा, हा पोचा काढून टाकला तर सगळंच सोपं होईल की हो."

"त्यो तसाच ऱ्हाऊ द्या."

"पण का?"

"ऱ्हाऊ द्या म्हनलं न्हवं."

मी मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे. जगातल्या सगळ्या हट्टी माणसांपुढं मी आजवर हात टेकत आलोय, त्यात आणखी एक.

शेवटी कोरेगावचा रफिक मिस्त्री कबूल झाला. पुठ्ठ्याबरहुकूम, डाव्या बाजूला फुगवटा असलेला गार्ड त्यानं बनवला. गरोदर दिसत होता. बसवायचा दिवस ठरला, आणि नेमकं त्याच दिवशी आप्पांना हयातीच्या दाखल्यासाठी साताऱ्याला जाणं भाग पडलं. पेन्शनवाल्यांना दर वर्षी आपण जिवंत आहोत हे अंगठा उठवून सांगावं लागतं, आणि वडूजच्या मशीननं आप्पांचा झिजलेला अंगठा दोनदा नाकारला होता. मुदतीचा शेवटचा दिवस होता.

सकाळी आप्पांनी मला आणि गाडीला रफिकच्या दुकानात सोडलं. एसटीला जाताना मला बाजूला घेतलं. "सर, तुमी फकस्त हुबं ऱ्हावा. त्या पोच्याला हातोडा लागू देऊ नका. एवडंच काम हाय."

मी मान हलवली.

दुपारपर्यंत गार्डची भोकं जुळेनात. रफिकनं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "सर, खरं सांगू? चार हातोडं मारतो, वरनं पांढरा स्प्रे मारतो. गाडी नव्यावानी दिसंल. आप्पा खूश हुतील बगा."

मी त्या पोच्याकडे बघितलं. तीन वर्षं मी त्याच्याकडे बघत होतो. लाल पेन हातात असल्यासारखी माझी बोटं शिवशिवली. मी म्हणालो, "मार."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणीही नाही.

चार वाजता आप्पा स्टँडवरून चालत आले. हातात दाखल्याचा कागद, चेहऱ्यावर जिवंत असल्याचं समाधान. गाडी आरशासारखी सरळ, पुढं गार्ड. फुगवटाही रफिकनं ठोकून घालवला होता. मी आणि रफिक वरमायांसारखे मिरवत उभे. आप्पा जवळ आले. गार्डच्या पाइपांमधून हात आत घातला आणि नेहमीच्या जागी तळवा ठेवला. तळवा सपाट पत्र्यावर टेकला. त्यांनी तो थोडा वर केला, थोडा खाली केला. अंधारात बटण शोधावं तसा हात फिरत राहिला.

"बरं झालं," ते म्हणाले. "चांगलं काम झालं, रफिक."

 घरी आल्यावर त्यांनी गाडी लावली, आणि पहिल्यांदाच रस्त्याकडे तोंड करून लावली. 

दुसऱ्या दिवशी रिव्हर्सचा हॉर्न वाजला नाही. गल्ली उशिरा उठली. नऊ वाजता मी चहा घेऊन गेलो, तर आप्पा फोटोखाली खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणालो, "आप्पा, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलंय? तुमास्नी काय म्हाईत." चहा त्यांनी खाली ठेवला. "हिनं पाडला हुता त्यो पोचा." त्यांनी फोटोकडे न बघता फोटो दाखवला. "लय मागं लागली हुती. म्हनली, जलमभर लष्कराच्या गाड्या हाकल्या, मला येकदा तर शिकवा. म्हनलं चल. आपल्या रानात घेऊन गेलो. लय झ्याक चालवत हुती वो, सर. वळताना घाबरली आन् बांधावरच्या लिंबाला गाडी घातली."



"मी पळत गेलो. आन् आधी गाडीचं तोंड बगितलं. रानात बायका तण भांगलत हुत्या, त्यांच्याम्होरं तिला फौजेतल्यावानी झाडली. ती गपचिप खाली उतरली. कपाळाला टेंगूळ आलं हुतं. मला म्हनली, आवं, गाडीचं बगितलं, मला इचारा की येकदा, लागलं का म्हनून. हसत म्हनली हां, सर. आन् मी इचारलं न्हाई. रागात हुतो. फुडं राग गेला, मग लाज वाटाय लागली, मग ऱ्हाऊनच गेलं. सालाच्या आत ती तापानं गेली."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली.

"म्हनून रोज सकाळी हात ठिवून इचारत हुतो. लागलं का. आता कुटं हात ठिवू?"

 मी घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर रडलो. वही तपासताना चूक झाली तर खाडाखोड करून गुण वाढवता येतात. ठोकून सरळ केलेला पत्रा पुन्हा तसा वाकवता येत नाही. मी रफिकला तेही विचारून बघितलं. तो म्हणाला, "वाकवीन की सर, पर त्यो माझा पोचा हुईल."

आठवड्यानं आप्पांनी हाक मारली. गार्ड त्यांनी गाडीवरून उतरवून मागं हौद्यात टाकला होता. आम्ही औंधच्या रस्त्याला त्यांच्या रानात गेलो. बांधावर तो कडुलिंब उभा होता. मांडीएवढ्या उंचीवर त्याची साल फाटलेली, आणि आत अजून पांढऱ्या रंगाचा एक ओरखडा होता. आप्पांनी तिथं तळवा ठेवला. मी दुसरीकडे बघितलं.

"शेरडं खाजवाय येत्यात हितं," ते म्हणाले. "गार्ड बसवू."

आम्ही झाडाभोवती तीन लोखंडी खुंट रोवले आणि त्यांना तो गार्ड बोल्टनं आवळायला लागलो. मी धरलेला, आप्पा पान्यानं फिरवतायत. जवळून मला दिसलं, की जखमेच्या चारी बाजूंनी नवी साल आत सरकत होती. अजून दोन-तीन पावसाळ्यांत झाड भरून येणार होतं. आप्पांनाही ते दिसत असणार, शेतकऱ्याचा मुलगा तो. तरीही दोघं मिळून बोल्ट आवळत राहिलो.

तेवढ्यात पाना सटकला आणि माझ्या बोटांवर बसला. आप्पांनी हातातलं सगळं सोडलं. गार्ड धाडकन आडवा झाला, लिंबाची वीतभर साल पुन्हा सोलून गेला, आणि त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ते विचारत होते, "लागलं का, सर? लय लागलं का?"