आधी डायव्हर तपासायचा

मुखेडच्या स्टँडवर काळी-पिवळी जीप गच्च भरली, की बाकीचे डायव्हर अगरबत्ती लावायचे. आमचा दिगंबर बोटाला सुई टोचायचा. रक्ताचा ठिपका मशीनच्या पट्टीवर घ्यायचा अन् आकडा बसल्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. "एकशे तीस! बसा बिनघोर." आकडा कमी आला, तर खाली उतरून दोन केळं खायचा, थांबायचा, पुन्हा टोचायचा.

"आवो मामा, तिकडं लगीन लागून जाईल! काय करून राहिले?"

"लागू द्या. आधी डायव्हर तपासायचा, मग टायरची हवा."

मी पण डायव्हरच. शाळा चौथीपर्यंत, पण कुणापुढं मान वाकवली न्हाई. दिगंबर माझा जिगरी. त्याला साखरेचा रोग झाला, इन्सुलिन चालू झालं, तवा सगळ्यात जास्त मीच हसलो. "शिंप्यावानी सुई घेऊन बसतो," म्हणायचो.

एकदा नांदेडला निघालो, त्याच्या शेजारी बसून. मला लई घाई. "चल की लेका, खामोखा टाइम घालवतो," म्हणून मी त्याला बोट टोचूच दिलं न्हाई. इन्सुलिन घेऊन झालं होतं, तरी भाकरीबी अर्धीच खाऊ दिली.

कंधारच्या अलीकडं त्यानं गाडी कडेला घेतली. अंग घामानं डबडबलेलं, हात थरथर. खिशातून साखरेची पुडी काढली. माझं डोकं सटकलं.

"साखरेच्या रोगाला साखर? मरतो का?" पुडी हिसकली अन् खिडकीतून भिरकावली.

त्याला बोलायला जमंना. गाडीची चावी काढून त्यानं मागच्या म्हातारीच्या हातात कोंबली. "आजी... मी मागितली तरी... देऊ नको."

आजी शहाणी. गाठोड्यातला बुंदीचा लाडू फोडून त्याच्या तोंडात घातला. हळूहळू माणूस ताळ्यावर आला.

"अंगातली साखर एकदम उतरली का असं होतं, गड्या," एवढंच म्हणला. तासभर थांबून, बोट टोचून, आकडा बघूनच त्यानं चावी परत मागितली.

चूक कुणाची, मला तिथंच कळलं होतं. पण स्टँडवर परतलो, तवा चारचौघांत हसून सांगितलं, "दिगंबरला स्टेरिंगवर चक्कर आली!" घाई माझी होती अन् पुडी मी फेकली, हे गिळून टाकलं. माणसं त्याच्या गाडीत बसंनात. सगळ्यात जपून चालवणारा तो, अन् त्यालाच जीप विकावी लागली. मी त्याच्या दाराकडं फिरकलो न्हाई.

परवा गेलो. ओट्यावर एकटाच बसला होता. उभ्या उभ्याच बोललो, "स्टँडवर ते मीच सांगितलं होतं."

"ठाऊक हाय. एवढा मोठा आवाज तिथं दुसऱ्या कुणाचा?" त्यानं सरकून मला जागा केली. "गाडीचं जाऊ दे, मारोती. मला वाटलं, तू दुसऱ्या दिवशी येशील. मग वाटलं, पोळ्याला येशील. मग दिवाळीला."

तवापासून दोन दिवाळ्या झाल्या होत्या.