सापडत नाही, पत्नीला विचारावे

पडदे शिवण्याच्या धंद्यासाठी भाचीने मामीला वेबसाइट करून दिली होती, आणि ती सुरळीत चालली होती. नेमकं तेच मामांना बघवेना. पंचवीस वर्षं रेकॉर्ड रूमच्या फायली सांभाळलेल्या कारकुनाचा घरच्या एवढ्या मोठ्या कामाला हातच लागू नये, म्हणजे काय? शोधता शोधता त्यांना खोट सापडली. चुकीचा पत्ता टाकला की वेबसाइट नुसतं '४०४' दाखवायची.

"गिऱ्हाइकाच्या तोंडावर आकडा फेकायचा? ही काय रीत झाली?"

"पण चुकीचा पत्ता टाकतंय कोण?" मामी शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या.

"मी टाकला ना!"

"तरीच. आज तिकडे हात लावू नका हं. नाट्यगृहाच्या मॅनेजरबाई दुपारी नमुने बघून ठरवणारेत. रंगमंचाचा मखमली पडदा आहे! माझ्यासारखे आणखी दोघं टपलेत. हे काम मिळालं तर धंदा उभा राहील माझा."

हात लावू नका म्हटलं की मामांचा हात शिवशिवतो. तासाभरात नवं पान तयार झालं: 'आपण शोधता ते सापडत नाही. क्षमस्व. घरातही मला काही सापडत नाही. कृपया माझ्या पत्नीला विचारावे.' खाली मामींचा नंबर. वर उघड्या कपाटासमोर डोकं खाजवणाऱ्या मामांचा फोटो. (चेहरा पुरेसा गोंधळलेला यावा म्हणून त्यांनी सहा फोटो काढले. खरं तर पहिल्यातच काम झालं होतं.)

मग प्रश्न आला: हे पान केव्हा दाखवायचं? पत्ता चुकल्यावर, की नेहमी?

रेकॉर्ड रूमचा शिरस्ता ठरलेला. कुणी फाइल मागितली की आधी 'सापडत नाही' म्हणायचं, मग शोधायचं. मामांनी विश्वासाने 'नेहमी' निवडलं. नंतर अकरा चुकीचे पत्ते टाकून पाहिले. अकराही वेळा पान हजर! बरोबर पत्ता तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही. बरोबर असलेल्या गोष्टी कशाला तपासायच्या?

दुपारी फोन वाजला. मॅनेजरबाईच होत्या.

"अहो, नमुने कुठे आहेत? काहीही उघडलं तरी एक गृहस्थ डोकं खाजवताना दिसतायत."

मामींनी मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे पाहिलं.

"ते आमचे हे," मामी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही मलाच विचारा."

मग वीस मिनिटं त्या बोलत होत्या. मखमलीच्या रंगछटा, अस्तर, चुण्या, दोरीला किती वजन पेलेल, सगळं तोंडपाठ. कुठे अडखळल्या नाहीत. इतकी वर्षं आपण हिला रुमाल कुठे आहे एवढंच विचारत आलो, हे मामांच्या ध्यानात आलं आणि ते मनातून खजील झाले.

"उद्या मापं घ्यायला माणूस पाठवा," शेवटी मॅनेजरबाई म्हणाल्या. "बाकीच्यांचे नुसते फोटोच बघत बसले होते. तुम्ही नीट समजावून तरी सांगितलंत."

फोन ठेवल्याबरोबर मामांचा खजीलपणा पळाला. "बघितलंस? माझ्या पानामुळेच फोन आला! मी बसवलेली गोष्ट कधी वाया जात नाही."

"खरंय. मग उद्या मापं घ्यायला तुम्हीच जा."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मामा ऐटीत नाट्यगृहाच्या फाटकाशी पोचले. काल मॅनेजरबाईंच्या मोबाइलवर ते पान पाहिलेल्या वॉचमनने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत फोन लावला.

"मॅडम, पडदेवाल्यांचं आजही काहीतरी बिघडलेलं दिसतंय. ते डोकं खाजवणारे गृहस्थ इथे येऊन उभे राहिलेत."

"अहो, मी मापं घ्यायला आलोय!" मामा कडाडले. "ही बघा टेप..."

त्यांनी उजव्या खिशात हात घातला. शर्टाच्या खिशात घातला. पिशवी झटकली. मग नकळत हात डोक्याकडे गेला.

"अगदी तेच," वॉचमन फोनवर म्हणाला, आणि पानावर लिहिलं होतं त्याप्रमाणे त्याने मामींचा नंबर फिरवला.

"डाव्या खिशात आहे म्हणावं त्यांना," पलीकडून मामी म्हणाल्या.