जाईबाईंचं रॉकेट

रॉकेटचा फोटो काढणं म्हणजे काय मोठं हो? वीस वर्षं लग्नांचे फोटो काढतोय मी! खोपटच्या एसटी डेपोसमोर स्टुडिओ आहे आपला. नवरीचं निसटतं लाजणं सोडत नाही मी, तिथे एवढं ढळढळीत रॉकेट, तेही भरदुपारी, सुटतंय कुठे!

हेच मी पायलला ऐकवलं. पायल म्हणजे आंबिवलीच्या जाईबाईंची नात. रॉकेट उडवणाऱ्यांत कामाला लागलीय पोरगी!

"सहदेवकाका, उड्डाणाच्या वेळी मी आत स्क्रीनसमोर असणार. माझं पहिलं रॉकेट मलाच दिसायचं नाही. एक फोटो काढाल?"

"एक? अख्खा अल्बम देतो!"

जाईबाईंना घेऊन गेलो श्रीहरिकोट्याला. लांब तलावाकाठी ट्रायपॉड रोवला, त्यावर तोफेएवढी लेन्स चढवली. लग्नाचा कॅमेरा सवयीने गळ्यात होताच.

"सहदेवा, नीट काढ हां. पोरगी बिचारी आत कोंडलीय."

"आजी, तुम्ही फक्त बघत राहा!"

आणि उडालं की हो! झाडांच्या वर लखलखीत जाळ चढला. आवाज नाही, काही नाही. मी बटणावर बोट टेकवलं, तेवढ्यात शेजारी जाईबाईंनी हात जोडून खणखणीत आवाज लावला, "साधू! साधू! साधू!"

झालं! अहो, आंबिवलीतली निम्मी बौद्ध लग्नं मी काढलीत. तिथे 'साधू' म्हटलं की फुलं उधळतात, आणि तो फोटो हुकला तर नवरीची मावशी मला जिवंत सोडत नाही. हातांनी परस्पर ती तोफेएवढी लेन्स सोडून दिली, गळ्यातला कॅमेरा उचलला आणि जाईबाईंचे खटाखट फोटो! वर मी ओरडलोसुद्धा, "आजी, परत एकदा म्हणा!"

"अरे मेल्या, रॉकेट!"

वळलो, तर रॉकेट ढगात. मग सावकाश गडगडाट आला, माझी चेष्टा करायला. लोक टाळ्या पिटतायत आणि मी घाईघाईने फोटो तपासतोय! मोठ्या कॅमेऱ्यात एकच फोटो निघाला. धुराचा. त्यातही मध्ये कावळा.

संध्याकाळी पायल धावत आली. "काका, फोटो?"

"माती खाल्ली गं मी," म्हणत कॅमेरा पुढे केला. त्यात नुसत्या जाईबाई. जोडलेले हात, उघडं तोंड, डोळ्यांत पाणी. शेवटच्या फोटोत मला शिव्या घालताना.

पायल बघतच राहिली. मग आजीच्या गळ्यात पडून रडली. "रॉकेटचे फोटो ऑफिसात ढीगभर मिळतील, काका. आजीचा हा चेहरा मला कोणी दाखवला असता? थँक्यू!"

थँक्यू कसलं! मीच त्या दोघींना हात जोडले. अब्रू राखली हो माझी!

तो फोटो आता स्टुडिओत लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, "या काय बघतायत?"

"रॉकेट!" मी छाती फुगवून सांगतो.

"मग रॉकेट कुठेय?"

"आहे की. फ्रेमच्या जरा वर!"