गोगटेसरांचा स्क्रूड्रायव्हर

गोगटेसर लिफ्टमध्ये दिसले की मी मोबाइलमध्ये डोकं खुपसायचो. हातात वीतभर लांब स्क्रूड्रायव्हर आणि ठरलेलं वाक्य, "नितीन, बॉनेट उघड."

मग दुबईच्या अल नहदा भागातल्या आमच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये तपासणी चालायची. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आणि निकाल: "ही तुला भर हायवेवर दगा देणार." आणि गंमत म्हणजे ते खरंही व्हायचं! माझी बॅटरी गेली, शेजारच्या पिंटोचा रेडिएटर गेला. शेवटी पिंटो आठव्या मजल्यावरून जिन्याने उतरू लागला.

सर आधी नगरला फिजिक्स शिकवायचे. ध्वनीचा धडा शिकवता शिकवता इंजिनांच्या आवाजाचं वेड लागलं आणि पुण्यातल्या एका कारखान्यात वीस वर्षं इंजिनं घडवली. आता दुबईत इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतात. त्यांच्या पत्नी मालतीकाकू पुण्यातच असतात, रोज फोन करतात.

गेल्या वर्षभरात मात्र सर प्रत्येक गाडीला "छान चाललंय" म्हणायला लागले. म्हातारा मवाळ झाला, आम्ही सुटलो, असं मला वाटलं. म्हणून तर ऑगस्टमध्ये खोर फक्कानच्या समुद्रकिनारी जाताना मी त्यांना बिनधास्त सोबत घेतलं.

डोंगरातला चढ लागला आणि इंजिनातून आवाज यायला लागला. टक, टक, टक. बाहेर पंचेचाळीस डिग्री, मागे माझी रेवा.

"बाबा, इज द कार डायिंग?"

मी सरांकडे पाहिलं. ते मजेत डोंगर बघत होते.

"सर, आवाज!"

"छान चाललंय."

आता मात्र माझी पार तंतरली. सरांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचा रंगच उडाला. "थांबव," ते पुटपुटले.

बॉनेट उघडलं. त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ एका कानाला लावली, मग दुसऱ्याला. शेवटी त्यांनी ती मूठ चक्क दातांत धरली आणि डोळे मिटले.

"इंजिन तापलंय," ते म्हणाले. "बंद कर. अर्धा तास हलायचं नाही."

जवळच एका बोगद्याच्या तोंडाशी सावली होती, तिथे आम्ही तिघं बसलो. "दातांतून, हाडांतून ध्वनी आत जातो. साधं फिजिक्स आहे," ते म्हणाले. "कान गेलेत रे. कॉलेजात बोलू नकोस, नोकरी जाईल."

"कानाला मशीन लावा की, सर."

ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. ते स्क्रूड्रायव्हरकडे बघत होते. "इंजिन दातांनी ऐकतो. मालतीचं काय करू? फोनवर नुसतं हो-हो करतो. परवा ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, छान चाललंय. तिने फोन ठेवला. त्यानंतर केलाच नाही."

हे ऐकून मी जितका घाबरलो, तितकी भीती मला इंजिनाचीही कधी वाटली नव्हती. मी फोन काढून त्यांच्यापुढे धरला आणि बोटाने खूण केली, नंबर लावा.

दुसऱ्याच रिंगला काकूंनी उचलला. त्या रडत होत्या. मी एकेक वाक्य ऐकत होतो आणि सरांच्या कानाशी ओरडून सांगत होतो, "सर, काकूंचं ऑपरेशन आहे. सोमवारी. त्या विचारतायत, तुम्ही याल ना?"